टंच

आबांची चाळीस वर्षं कोइमतूरला गलाईत, म्हणजे सोनं गाळण्यात गेली. आता विट्यात परतल्यावर ते खेळाडू गाळतात. टपरीवर कुणी एखाद्याचं नाव काढायचा अवकाश, आबा त्याचा टंच काढतात. निकाल ठरलेला: टॅक्स.

"बोर्ग मोनॅकोला का ऱ्हायला? समुद्र बघाय? तिथं इन्कम टॅक्सच न्हाई! बोल्टनं २०१० ला लंडनची शर्यत का सोडली? पाय दुखत हुता? तिथलं सरकार बक्षिसावर थांबत न्हाई, जाहिरातीच्या कमाईतबी वाटा मागतंय."

पंचाईत ही, की यातलं काहीच खोटं नाही. आबांच्या यादीत टेनिसवाला बेकरही: राहायचा म्युनिकला नि पत्ता दाखवायचा मोनॅकोचा. २००२ साली कोर्टानं त्याला दोषी ठरवलं. आमच्या खानापूर तालुक्यात रेशनकार्ड गावात नि माणूस गलाईला, हे घरोघरी. त्यामुळं बेकरबद्दल टपरीवर सहानुभूती आहे.

पण दैवत सचिन. तो देश सोडून गेला नाही, जाहिरातीपुरता 'अभिनेता' झाला! परदेशी चलनातल्या मिळकतीवर कलावंतांना त्या काळी असलेली सूट त्यानं मागितली आणि २०११ साली मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणानं ती मान्य केली. हे सांगताना आबा टोपी काढतात.

परवा त्यांचा पैलवान नातू कोल्हापूरच्या तालमीत जायचं म्हणाला. मी म्हटलं, "आबा, आयकर केंद्राचा. विट्यात तेवढाच कोल्हापुरात."

दोन घोट शांतता.

"आन् व्यवसाय कर? आपल्याकडं वर्साला अडीच हजार, हरयाणात शून्य! म्हणून तिकडं पैलवान पिकत्यात."

बाकावरचे वस्ताद म्हणाले, "आबा, अडीच हजारात पोराचं म्हैन्याचं बदामबी भागत न्हाई. आन् आपल्या भाळवणीचा चंद्रहार २००७ ला, २००८ ला महाराष्ट्र केसरी झाला, त्यो काय टॅक्स चुकवून?"

मी संधी साधली. "तुम्ही कोइमतूरला गेलात ते कुठला टॅक्स बघून?"

"टॅक्स कसला? पाऊस नव्हता," आबा म्हणाले आणि त्यांनी चहाचे पैसे दिले. हे सहसा घडत नाही.

नातू कोल्हापूरला गेला. त्याच्या दूध-बदामाचा खर्च आबा रोख देतात, पावती मागत नाहीत.