खो मिळाला की उठायचं

शोकसभा चालू होती. व्यासपीठावर हार घातलेला फोटो, त्यापुढं उदबत्ती, आणि अख्खी शाळा मैदानावर मांडी घालून बसलेली. तिसरं भाषण रंगात आलं असताना पुढच्या खुर्चीवरच्या एका आजोबांना खोकल्याची उबळ आली. पहिला 'खो' बाहेर पडला न पडला, तोच दहावी 'क'च्या रांगेतून एक पोरगं ताडकन उठलं आणि डाव्या अंगानं सुसाट सुटलं, ते ध्वजस्तंभाला वळसा घालूनच थांबलं. थांबल्यावर त्यानं मागंपुढं बघितलं. पळणारं कुणीच नव्हतं. मग ते निवांत चालत परत आलं, आपल्या जागी बसलं आणि शेजारच्याला म्हणालं, "खो कोन दिला बे?"

त्याचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तो एकटा नव्हेच. हदगावात मी 22 वर्षं मराठी शिकवलं आणि दर दोन-तीन वर्षांनी तो नवं आडनाव घेऊन माझ्या वर्गात यायचा. शेवटच्या बाकावर बसायचा, कारण पुढं बसला तर मागच्या तिघांना फळा दिसायचा नाही. गाव त्याला 'पैलवान' म्हणतं. पैलवान कुस्ती खेळत नाही, खो-खो खेळतो. पण आपल्याकडं दंड दिसले की पैलवान आणि चष्मा दिसला की डॉक्टर. त्यापुढं वर्गवारी जात नाही.

अंगावर बाराही महिने जिल्हा संघाचं निळं जाकीट. मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटतं, तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. एकदा विचारलं, "उकडत नाही का रे?" म्हणाला, "उकडतंय की सर. पन काढलं तर लोकांना कसं कळंल?"

पुण्याच्या माझ्या भाचीनं मला एकदा 'डॅरिया' नावाचं अमेरिकन कार्टून दाखवलं. 1997 ते 2002 या काळात ते एमटीव्हीवर लागायचं म्हणे. त्यात केविन नावाचा एक शाळकरी खेळाडू आहे. त्यांच्या त्या हातात धरून पळायच्या फुटबॉलमधला. गडी वर्गात बसतानाही खांद्यावरच्या गाद्यांसकट खेळाचाच पोशाख घालून बसतो आणि संघातली आपली जागा कुणी विचारो न विचारो, आडनाव सांगावं तशी सांगतो. मनानं चांगला, डोक्यानं कच्चा. मी भाचीला म्हटलं, "अगं, हा तर आमच्या हदगावचा!" फरक एवढाच की केविन त्याच्या शाळेचा राजा असतो. आमच्या पैलवानाच्या मागं फक्त मुख्याध्यापक असतात, तेही बाकं हलवायची असली तर.

खो-खोत एक नियम आहे. खो मिळून उठलेल्या गड्यानं एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत मागं फिरायचं नाही. फिरला की फाऊल. हा नियम मैदानापुरता आहे, हे पैलवानाला कुणी सांगितलंच नाही. एकदा त्याला कपाटाची किल्ली आणायला कारकुनांकडं पाठवलं. कारकून रजा टाकून उमरखेडला सासुरवाडीला गेलेले. दुसरा कुणीही परत येऊन तसं सांगेल. हा सायकल काढून पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेला. दिवेलागणीला घरी येऊन त्यानं माझ्या हातात किल्ली ठेवली आणि घाम पुसत म्हणाला, "विदर्भातून आनली सर." कपाटात खडूची पेटी होती. शाळा सुटून तीन तास झाले होते.

अभ्यासाचं म्हणाल, तर त्याला काहीच येत नव्हतं असं म्हणता येणार नाही. जे यायचं ते त्याच्या वाटेनं यायचं. इतिहासाचे सर मराठवाडा मुक्तिसंग्राम शिकवत होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, 17 ला निजामानं शरणागती दिली, आपण ज्याला पोलीस अ‍ॅक्शन म्हणतो त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो'. खेळाचं नाव कानावर पडताच मागच्या बाकावर हालचाल झाली. पैलवान बोटावर मोजत होता. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. "सर, पाच दिवस? म्हंजे टेस्ट मॅचच की!"

वर्ग हसला. सरांनी कपाळाला हात लावला. पण सहामाहीत तारखा विचारल्या तेव्हा हुशार पोरांनी 15 ऑगस्टपासून 26 जानेवारीपर्यंत काय वाट्टेल ते लिहिलं आणि बिनचूक उत्तर एकट्या पैलवानाचं निघालं. त्यात शेवटी एक ओळ जादा होती: 'आपण जितलो.' सरांनी त्या ओळीला अर्धा गुण जादा दिला. मी असतो तर एक दिला असता.

बोर्डाच्या परीक्षेत मात्र त्यानं पर्यवेक्षकाची झोप उडवली. आमच्या नांदेड जिल्ह्याचं आणि कॉपीचं नातं जुनं आहे. 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम उघडली, तेव्हा तिचं एवढं नाव झालं की 'नांदेड पॅटर्न' हा शब्द रूढ झाला. तरी खिडक्या या शेवटी खिडक्याच. बीजगणिताच्या पेपराला कुण्या भल्या माणसानं बाहेरून कागदाचा बोळा भिरकावला, तो नेमका पैलवानाच्या बाकावर पडला. त्यानं उघडला, पाहिला, घडी घालून सपाट केला, जाग्यावरून उठला आणि पर्यवेक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "सर, कुनाचं तरी गणित पडलंय. बिचारा शोधत असंल."

आता लातूरचं सांगतो. लातूर आणि नांदेड या दोन गावांचं आमच्याकडं काय स्थान आहे, हे बाहेरच्या वाचकाला थोडं समजावून द्यावं लागेल. मुलगा दहावी झाला की त्याला या दोनपैकी एका गावी खोली करून द्यायची, डबा लावायचा, शिकवणीची फी भरायला वावराचा तुकडा बघायचा आणि दोन वर्षांनी 720 पैकी किती, ते ऐकायला कान टवकारून बसायचं. 'लातूर पॅटर्न'नं भले भले डॉक्टर घडवले, यात वाद नाही. पण त्यामुळं 'लातूरला चाललो' या वाक्याचा आमच्याकडं एकच अर्थ उरला. पैलवान निघाला होता विभागीय खो-खो स्पर्धेला. बॅग पाठीला लावून एसटी स्टँडकडं जाताना गल्लीतल्या काकूंनी हटकलं.

"कुठं रे?"

"लातूरला, काकू."

"अगं बाई! नीटसाठी?"

"हाव काकू. नीटच जातो. सरबी हायत संगं."

काकूंचा कंठ दाटला. ज्या पोराला आपण बिनडोक समजलो, तोही डॉक्टर व्हायला निघाला! त्यांनी आत जाऊन धपाट्यांचा डबा भरला, वर लसणाची चटणी दिली आणि दोनशेची नोट त्याच्या मुठीत कोंबली. पैलवानाला एवढंच कळलं की काकूंना खो-खो फार आवडतो.

लातूरच्या त्या सामन्याला मी क्रीडाशिक्षकांसोबत होतो. संघाबरोबर आणखी एक मास्तर लागतो म्हणून मला ओढलं होतं. पैलवान पळायला लागला की तो बिनडोक आहे हे माणूस विसरतो. मधल्या पाटीवर आठ जण उकिडवे, एकाआड एक तोंडं विरुद्ध दिशांना, आणि त्यांच्या मधून हा देह पाण्यातल्या मासोळीसारखा निघतो. जिथं विचार करायला वेळच नाही, तिथं हा सगळ्यांच्या पुढं असतो. आक्रमणाच्या डावात त्यानं सहा गडी टिपले, त्यातले दोन खांबावर सूर मारून. दात ओठात घुसला, तरी हसत होता.

शेवटच्या डावात पळतीला हाच. अगदी थोडा वेळ काढला की सामना आमचा. समोरच्या पोरानं झेप घेतली, हात हवेत गेला, पंचांची शिट्टी वाजली नाही. आम्ही ओरडतोय, "पळ, पळ!" आणि पैलवान थांबलेला. हात वर करून तो पंचांकडं चालत गेला. "सर, लागला. हितं, जाकिटाला." खेळतानाही जाकीट काढलेलं नव्हतं, हा भाग वेगळा. पंच गोंधळले, मग त्यांनी त्याला बाद दिला. पुढच्या मिनिटात आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत क्रीडाशिक्षक अहमदपूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लोह्याला चहाला उतरलो तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. "अरे, पंचांनी दिला नव्हता तर तू कामून दिलास?"

पैलवान काकूंचं उरलेलं धपाटं चहात बुडवत होता. "पन सर, लागला होता की."

यावर काय बोलणार? सरांनी त्याच्या डब्यातलं दुसरं धपाटं उचललं.

गावात पोचला, तर काकू उंबऱ्यातच. "किती पडले रे?"

"सहा पाडले, काकू."

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी: पैलवानाला सहाशे! एका घरून पेढे आले. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी गुडघा दाखवायला आणला. पैलवानानं तो नीट तपासला, मैदानावर जमतं तसं चोळून दिला, रोज मिठाच्या गरम पाण्यानं शेकायला सांगितलं. गुडघा बरा झाला, त्यामुळं खुलासा करणं आणखीनच अवघड होऊन बसलं.

असा हा माणूस गावाला किती लागतो, याचा हिशोब कुणी मांडत नाही. पैलवान तर मांडूच शकत नाही, त्याचं गणित राहिलेलं. आगारातली गाडी स्टार्टर मारेना, की कंडक्टर आधी पैलवान दिसतो का बघतो. दत्तबर्डीवर कुणाचं म्हातारं माणूस चढवायचं, हळद शिजवायच्या कढईला खांदा द्यायचा, लग्नात ऐनवेळी कललेल्या मांडवाचा खांब पंगत उठेपर्यंत धरून उभं राहायचं. त्या मांडवात तो स्वतः जेवला नाही, हे रात्री नवरीच्या आईच्या लक्षात आलं. संक्रांतीनंतर तामशाच्या बारालिंगाला भाजी-भाकरीची पंगत असते. गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, मोठाल्या कढयांत भाजी रटरटते. तिथं भाजीच्या बादल्या उचलायला हाच. बोलावणं कधी आलं, असं विचारलं तर म्हणतो, "कुनीतरी हाक मारली होती."

एका दुकानदारानं त्याच्याकडून खताची 40 पोती उतरवून घेतली आणि हातावर पन्नासची नोट ठेवली. पैलवानानं खिशातलं दहाचं नाणं काढून त्याला परत दिलं. "एक पोतं कोपऱ्यात फाटलं सर माझ्या हातून." दुकानदारानं ते नाणं घेतलं! दुकान आजही चालू आहे. मी तिथून काही घेत नाही.

आणि हेच सगळे लोक संध्याकाळी पारावर बसून पैलवानाचे किस्से सांगतात. विदर्भातून आणलेली किल्ली, पडलेलं गणित, ध्वजस्तंभाचा वळसा. मीही सांगतो. आत्ताही तेच करतोय.

दहावीला खेळाचे गुण धरूनही गणित राहिलं. बीजगणित 40 चं, भूमिती 40 ची, वर शाळेच्या हातातले 20. एवढ्या शंभरांतून पस्तीस जमेनात. जुलैच्या पुरवणीला बसला, पुन्हा राहिलं. मी महिनाभर घरी बोलावून शिकवायचा प्रयत्न केला. मी मराठीचा मास्तर, माझंही गणित यथातथाच. आम्ही दोघं मिळून एक उदाहरण सोडवायचो आणि दोघांची दोन उत्तरं यायची. पुस्तकाच्या मागं तिसरंच असायचं.

मग जानेवारी 2025 उजाडला. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भरला. स्टँडजवळच्या हॉटेलात मोबाइल स्टीलच्या जगाला टेकवून पुरुषांची अंतिम लढत लावली होती, भारत विरुद्ध नेपाळ. समोर सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशा. पैलवान गल्ल्याशेजारी उकिडवा बसला होता. खुर्ची रिकामी होती, पण खो-खो बघताना तो खुर्चीवर बसत नाही. भारत 54-36 नं जिंकला. प्रतीक वाईकरनं चषक उचलला. महाराष्ट्राचा गडी, आपल्याच पाटीवर उकिडवं बसून शिकलेला खेळ. मुलींचाही चषक आपलाच, त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे, तीही महाराष्ट्राची. हॉटेलवाल्यानं सगळ्यांना एकेक चहा फुकट दिला, ही घटनाही ऐतिहासिकच म्हणायची.

पैलवान बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला. मग माझ्याजवळ सरकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "सर, एक विचारू? वाईकरला गणितात किती असतील?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत बाबा."

त्यानं विचार केला. त्याला विचार करताना मी क्वचित पाहिलंय. कपाळाला तीन आठ्या पडतात आणि ओठ हलतात. "पस्तीस तरी असतीलच की," तो म्हणाला.

तेवढ्यात मागच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. पैलवान उठला, उजव्या अंगानं निघाला आणि दारात अडलेली गॅस सिलिंडरची गाडी ढकलू लागला.