मुख्यालय कुणाच्या दारात?

"ऐकलं का भाऊसाहेब, भुसावय जिल्हा व्हतो म्हने पुन्हा!"

कुंपणापलीकडून काकूंनी खडा टाकला. खाटेवर बिबडे वाळत होते, कावळे हाकलायला हातात काठी होती आणि उन्हं चढेपर्यंत दुसरं काम नव्हतं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त ग्रामसेवक. सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, त्यामुळे हा विषय निघाला की ते पेपर घडी घालून ठेवतात.

"पुन्हा म्हणजे? आधी कधी झाला होता काय?" ते म्हणाले. "नव्या जिल्ह्यांची यादी दर दोन-चार वर्षांनी फिरते. जळगावातून भुसावळ, बीडमधून अंबाजोगाई, लातुरातून उदगीर, बुलढाण्यातून खामगाव. नावं तीच, यादीही तीच."

"मंग यंदा खरी अशीन."

"असू द्या खरी. पण एक सांगा, तुम्हाला पाहिजे का भुसावळ जिल्हा?"

काकू थबकल्या. बातमी सांगायची एवढीच त्यांची तयारी होती, मत विचारलं जाईल असं वाटलं नव्हतं. पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. "मले काय, भुसावय तीस किलोमीटर, जयगाव पन्नासच्या वर. जवळचं ते बरं."

"हे झालं आपलं बोदवडकरांचं," भाऊसाहेब म्हणाले. "चाळीसगावच्या माणसाला विचारा. त्याला जळगावच शंभराच्या घरात पडतं. उद्या भुसावळ वेगळं झालं तर त्याचा एक पैसा वाचत नाही, म्हणून त्यांचं म्हणणं की आम्हालाच जिल्हा द्या. आणि त्यांनी निदान आरटीओ तरी पदरात पाडून घेतलं. तिकडच्या नव्या गाड्यांवर आता एमएच ५२ लागतं, आपण अजून एकोणीसवालेच."

मध्येच मी तोंड घातलं. म्हटलं, आपल्या गावाची गंमत पाहा. जिल्हा जळगाव, लोकसभा रावेर, विधानसभा मुक्ताईनगर, आणि रेल्वेचं सगळं भुसावळ. १९९९ साली बोदवड तालुका झाला तेव्हा वाटलं होतं, आता वणवण संपली. तहसील आली, पंचायत समिती आली, पुढे नगरपंचायतही आली. तरी मोठं काम निघालं की पिशवीत कागद घालून एसटीची वाट पाहणं काही सुटलं नाही.

"एसटीचं नका सांगू," काकू म्हणाल्या. "माह्यं तिकीट आता अर्धं. पन दिवस तर पुराच जाते ना! सायेब मीटिंगमधी, बाबू जेवाले, अन् आपन पायरीवर."

भाऊसाहेब हसले, कारण त्या पायरीची आतली बाजू त्यांनी पाहिली आहे. मुख्यालय हलवायचं म्हटलं की लोक का पेटतात ते त्यांनी मग नीट उलगडून सांगितलं. कलेक्टर कचेरी निराळी आणि जिल्हा परिषद निराळी, पण सामान्य माणसाचा रोजचा संबंध दुसरीशी जास्त. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावची पाणी योजना, शिक्षकाची बदली, निवृत्त गुरुजींची पेन्शनची फाईल, सगळ्या गाठी तिथे. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या सत्ता गावाच्या जवळ नेऊ असं सांगूनच. साठ वर्षं उलटली. सत्ता किती जवळ आली ते ज्याच्या त्याच्या गावाने ठरवावं, पण ज्या शहरात मुख्यालय गेलं तिथे मात्र लॉज, झेरॉक्स, मुद्रांक विकणारे, अर्ज लिहून देणारे, खानावळी, भाड्याच्या खोल्या असं सगळं उभं राहिलं. उद्या हे मुख्यालय हललं तर ती सगळी दुकानं अर्धी होतात.

"म्हंजे भांडन दुकानदारायचं?" काकूंनी लगेच पकडलं.

"निम्मं त्यांचं. उरलेलं आपलं."

मग त्यांनी पालघरचा किस्सा काढला. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फोडून पालघर जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे लोक म्हणत होते की मुख्यालय जव्हारला करा, आदिवासी भाग तिथे आहे, कुपोषणाची पोरं तिथे आहेत. सरकारने पालघर धरलं, रेल्वेच्या रुळालगतचं. जव्हारहून पालघर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, आणि मोखाड्याचे पाडे त्याच्याही पलीकडे. बंद झाले, मोर्चे झाले. सिडकोने कोळगावला मोठ्या देखण्या इमारती बांधल्या, २०२१ साली उद्‌घाटन झालं. "इमारत पाहून घ्या एकदा, डोळे दिपतात," भाऊसाहेब म्हणाले. "पण मोखाड्याच्या बाईला तिथवर यायचं तर ती भल्या पहाटेच घर सोडणार. ठाण्याच्या मानाने जवळ आलं हे खरं, तिच्या दारात आलं असं मात्र नाही."

"बिच्चारी," काकू म्हणाल्या, आणि एक कावळा हाकलला.

श्रीरामपूरचं तर त्याहून खमंग. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं विभाजन व्हावं आणि मुख्यालय श्रीरामपूरला यावं, ही मागणी कित्येक दशकांची. २०२३ मध्ये सरकारने उत्तर भागासाठी अपर जिल्हाधिकारी कार्यालय दिलं ते शिर्डीला. झालं, श्रीरामपूरकर रस्त्यावर! बाजारपेठ बंद. खरं तर जिल्हा अजून झालेलाच नव्हता, नुसतं एक कार्यालय शेजारच्या गावाला गेलं होतं. पण लोकांनी ओळखलं की आज कार्यालय गेलं त्याच वाटेने उद्या जिल्हाही जातो. मला विचाराल तर त्यांचं काही चुकलं नाही. सरकारी पाटी एकदा लागली की ती काढायला कुणाच्या बापाची हिंमत होत नाही. २००९ मध्ये नांदेडला महसूल आयुक्तालय करायचं ठरलं तेव्हा लातूर असंच उठलं होतं.

आणि सटाण्याकडचे लोक तर उलटंच म्हणतात. मालेगाव जिल्हा करायचा तर करा, पण आम्हाला त्यात ढकलू नका, आमचं नाशिकच बरं. म्हणजे जवळचं गाव नको, लांबचं पाहिजे! काकूंना हे काही पटेना.

"लांबचं काब्रं पाह्यजे त्याइले?"

"कारण नाशकात पोरगं शिकतं, दवाखाना नाशकात, वकील नाशकात. कचेरीला गेलं की तीन कामं उरकतात. माणूस नुसतं अंतर मोजत नाही वहिनी, एका फेरीत काय काय होतं तेही मोजतो."

हा मुद्दा मला फार पटला. कारण बोदवडचं त्रांगडं हेच आहे. भुसावळ जवळ, पण कापसाचा भाव, मोठा दवाखाना, सोन्याची दुकानं, पोरींची कॉलेजं म्हटली की पाय जळगावकडेच वळतात. जिल्हा भुसावळला गेला तर कागद एकीकडे आणि बाकीचा संसार दुसरीकडे.

तसं पाहिलं तर खानदेशात हे भांडण शंभर वर्षांहून जुनं. १९०६ साली अख्ख्या खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पश्चिमेची कचेरी धुळ्यालाच राहिली आणि पूर्वेची जळगावला आली. जंक्शन भुसावळचं, पण कलेक्टर जळगावात! भुसावळकर त्याचा उल्लेख अजून काल घडल्यासारखा करतात. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. जिल्हा परिषद वेगळी झाली, कलेक्टर वेगळा झाला, आणि जिल्हा मध्यवर्ती बँक? ती दोघांत मिळून एकच, मुख्यालय धुळ्यात. भाऊसाहेब हे सांगताना डोळे मिचकावतात. पीककर्जाचा निर्णय जिथे होतो तिथे पाटी पोचलीच नाही.

गेलेली गोष्ट परत मिळवायला किती ओरडावं लागतं ते शेजारच्या वरणगावला विचारा. हतनूरजवळ राज्य राखीव पोलीस दलाचं केंद्र होणार म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. ते उचलून थेट जामखेडकडे कुसडगावला नेलं. पोरं भरतीच्या आशेने पळत होती, त्यांच्या तोंडचा घास गेला. तेव्हा पक्ष विसरून सगळा परिसर बोलला. बोदवडातही चहाच्या टपरीवर महिनाभर तोच विषय.

"पन भाऊसाहेब," काकूंनी शेवटी नेमकं विचारलं, "त्या जिल्हा परिषदेत आता बसते कोन?"

यावर भाऊसाहेब निरुत्तर. मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. निवडणूक आरक्षणाच्या कोर्टकचेरीत अडकली आणि वर्षांमागून वर्षं तशीच गेली. मुख्यालय कुठे असावं यावर आपण तावातावाने भांडतो, आणि सभागृहात आपल्या गटाचा माणूस कोण हे सांगता येत नाही. आधी ती खुर्ची भरा, मग खुर्ची कोणत्या शहरात ठेवायची ते पाहू, असं काकूंचं म्हणणं. त्यांनी ते जरा तिखट शब्दांत सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

भाऊसाहेबांचं मत असं पडलं की पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे, रुंद होऊन बोदवडपर्यंत आली, तर जामनेर, बोदवड, मुक्ताईनगर यांचं आपसातलं गणितच बदलेल. तोवर कुणी नकाशावर रेघ मारू नये. मला यात थोडी चालढकल दिसते, कारण पीजेची वाट पाहता पाहता आमची एक पिढी पेन्शनीत निघाली.

माझं म्हणणं वेगळं आहे. नवा जिल्हा करायचा झाला तर आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्या वेळी भुसावळचे व्यापारी लिहितील, जळगावचे वकील लिहितील, चाळीसगाव लिहील. बोदवडने गप्प बसू नये. नुसता "विरोध" किंवा "पाठिंबा" लिहून भागणार नाही. शाळेच्या, पेन्शनच्या, घरकुलाच्या कामाला वर्षात किती फेऱ्या झाल्या, किती भाडं गेलं, किती दिवसांची मजुरी बुडाली, हे प्रत्येकाने आपल्या अर्जात मांडावं, खाली सही करावी, आणि अर्ज तहसीलमध्ये देऊन पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नका.