मुकादम

आमच्या सोसायटीत त्याला खऱ्या नावाने फक्त कुरिअरवाला हाक मारतो. बाकी सगळ्यांचा तो मुकादम. त्याच्या हाताखाली सात जण राबतात आणि सातांपैकी एकालाही चहा द्यावा लागत नाही.

हे सात म्हणजे कोड लिहिणारे एआय एजंट. २०२५च्या फेब्रुवारीत क्लॉड कोड आलं, एप्रिलमध्ये कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये जेमिनी सीएलआय. मुकादमाने कुणालाच दारातून परत पाठवलं नाही. काम काय, तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणारं ॲप. आमचे सेक्रेटरी तो हिशेब आजवर दोरीला बांधलेल्या बॉलपेनने वहीत लिहीत आलेत.

सुरुवातीला मुकादम सात टर्मिनल उघडून बसायचा. एका रात्री साडेअकराला एका एजंटने विचारलं, "ही फाइल पुसू का?" मुकादम तेव्हा दुसऱ्याच खिडकीत होता, तिथून थेट अंथरुणात गेला. सकाळी सातला पाहतो तर बिचारा तसाच उंबऱ्यात उभा. त्याच दिवशी मुकादमाने पण केला, सगळे एकाच पडद्यावर दिसले पाहिजेत! टँकर राहिला बाजूला, फलक बांधायला घेतला.

एजंटांना नावं दिली अष्टविनायकांच्या गावांची. एकाच फोल्डरमध्ये दोघांना सोडलं की एकाने लिहिलेलं दुसरा खोडतो. म्हणून गिटमध्ये २०१५पासून असलेली वर्कट्रीची सोय वापरून प्रत्येकाला वेगळं फोल्डर, वेगळी शाखा. मुख्य शाखा म्हणजे मोरगाव. यात्रा मोरगावहून निघते आणि मोरगावला परतल्यावरच पुरी होते, हे त्याने मला कागदावर आखून दाखवलं. तेव्हापासून त्याचं घर म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशी खिडकी. "सिद्धटेक सुटलं! ओझर अडकलंय! पाली काय म्हणतंय बघ!" लेण्याद्री नेहमी मागे का, विचारलं तर म्हणतो, "पायऱ्या आहेत ना."

प्रत्येकाचा चाचणी सर्व्हर ३००० नंबरच्याच पोर्टवर उभा राहू पाहतो. पहिला आला तो गाभाऱ्यात, बाकीचे मंडपात. एकदा मुकादम अर्धा तास थेऊरचं दर्शन घेत होता आणि झापत होता रांजणगावला. शिवाय संभाषण फार लांबलं की एजंट आपणच त्याचा सारांश करून पुढे जातो. त्या सारांशातून नेमकं 'हिशेबाच्या फाइलला हात लावू नको' हे वाक्य गळलं. महडने हात लावला. ओझरनेही लावला.

कुणी परवानगी मागितली की कळावं म्हणून फलकाला देवळातल्या घंटेचा आवाज जोडला होता. आतल्या खोलीत काकू, म्हणजे त्याची आई. घंटा वाजली की त्या हात जोडायच्या. पहिल्या दिवशी चाळीसेक वेळा जोडले. तिसऱ्या दिवशी बाहेर आल्या.

"अरे, सकाळपासून एवढी आरती चाललीय, प्रसाद कधी?"

"आई, आधी व्यवस्था तर लागू दे."

व्यवस्था जोरात लागत होती. फलकावर रंगीत ठिपके आले, टोकनच्या खर्चाचा काटा आला, रात्रीसाठी काळी थीम आली. ऑफिसात साहेब दर तासाला 'कुठवर आलं?' विचारतो म्हणून ज्याने तीन नोकऱ्या सोडल्या, तो सातांना दर दहा मिनिटांनी तेच विचारू लागला. फरक एवढाच की एजंट उलट म्हणतात, "तुमचं अगदी बरोबर आहे."

परवा शनिवारी वापराची मर्यादा संपली. सातही ठिपके करडे. पुन्हा सुरू व्हायला तीन तास. मुकादमाने दोनदा फ्रिज उघडून पाहिला, नखं कापली आणि शेवटी नाइलाजाने महड आणि ओझरचा कोड शेजारी शेजारी लावून वाचायला बसला. एकेक ओळ, ओठ हलवत. मी समोरच होतो. एका जागी बोट थांबलं.

"हा महड लिटर मोजतोय."

"मग?"

"आणि ओझर टँकर."

आपापल्या चाचण्यांत दोघंही पास, दोघांचे ठिपके हिरवेगार. तसंच एकत्र केलं असतं तर दहा हजार लिटरचा एक टँकर आल्या दिवशी ॲपने दहा हजार एक टँकर आल्याची नोंद केली असती. मुकादमाने हाताने ओळी बदलल्या, पुन्हा वाचल्या, पुन्हा बदलल्या. अडीच तासांत दोन्ही शाखा मोरगावला पोचल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच कुणीतरी पोचलं होतं.

आतून काकूंनी विचारलं, "आज देऊळ बंद का रे?" त्याला ऐकूही आलं नाही.

सोमवारी त्याने मला हाताला धरून फलकासमोर नेलं. आठवा ठिपका लुकलुकत होता.

"हा कोण?"

"दर शनिवारी बाकीच्यांना तीन तास बंद ठेवणारा एजंट," मुकादम म्हणाला, "म्हणजे मला वाचता येईल."

घंटा वाजली. आठव्याला परवानगी हवी होती.

आतल्या खोलीतून काकू ओरडल्या, "जोडले रे!"