खिशाला परवडणारा, खिशात मावणारा

"पण तुम्ही फोटो कशाचे काढणार?" असं बायकोनं विचारलं आणि मी गप्प झालो. महिनाभर घरात कॅमेऱ्याचाच विषय होता. भाच्यापासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी सल्ले देऊन झाले होते, पण हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. मी मोबाईल उघडून पाहिला. वर्षभरातली माझी कलासाधना अशी : विजेच्या मीटरचं रीडिंग, गळणारा नळ (प्लंबरला पाठवायला), तोच नळ (प्लंबर येऊन गेल्यावर) आणि माझा स्वतःचा अंगठा, अकरा वेळा. उरलेली जागा शुभ सकाळवाल्यांनी बळकावलेली.

"म्हणून तर कॅमेरा हवाय," मी म्हणालो. "मोबाईलवर फोटो निघतच नाहीत."

हे अगदीच खोटं नव्हतं. सकाळी डोंबिवलीहून निघालं की मुंब्र्याजवळ खाडी लागते. एखाद्या दिवशी पाण्यावर असं ऊन पडलेलं असतं की माणसाला उगाच चांगलं वागावंसं वाटतं. मी मोबाईल उचलतो आणि नेमका त्याच क्षणी कुणीतरी मला बिनतारण कर्ज देऊ करतं. नको म्हणेपर्यंत कळवा आलेलं असतं. मला फोन न येणारी वस्तू हवी होती.

आमच्या बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि तो रोल एका गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत पुरायचा. सगळ्यांना उन्हात उभं करून बाबा "हलू नका" म्हणायचे. त्या अल्बममध्ये सगळं खानदान कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखं दिसतं. पण फोटो आहेत. माझ्या मोबाईलमधले चार हजार पुन्हा कोण बघतं?

भाच्याचं मत मिररलेस घ्यावा असं होतं. त्याची लेन्स पाहिली. पाणी प्यायच्या तांब्याएवढी. असली वस्तू गळ्यात अडकवून सव्वाआठच्या लोकलमध्ये चढलेला माणूस ठाण्याला लेन्ससकट उतरेल याची हमी रेल्वे देत नाही. कॅमेरा शर्टाच्या खिशात मावला पाहिजे आणि पाच हजारांत बसला पाहिजे, एवढ्या दोनच अटी घेऊन मी अभ्यासाला लागलो.

अभ्यासात पहिल्यांदा सापडला तो सेन्सर. स्वस्त छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच, म्हणजे साधारण तूरडाळीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यावर सोळा मेगापिक्सेल, म्हणजे एक कोटी साठ लाख ठिपके बसवलेले. दारातल्या दांड्याला लटकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डबा तोच ठेवून माणसं वाढवली की प्रत्येकाच्या वाट्याला हवा कमी येते. इथे उजेड कमी येतो. म्हणून संध्याकाळच्या फोटोत रवा सांडल्यासारखा दिसतो. खरं तर अल्बममधल्या चार बाय सहाच्या प्रिंटला दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर असले तरी पुरतात. बाकीचे चौदा खोक्यावर छापायला.

मग कळलं, की त्याहून मोठा 'एक इंची' सेन्सरही मिळतो. मी लगेच पट्टी घेतली. त्याची रुंदी १३.२ मिलिमीटर, उंची ८.८, कर्ण धरला तरी सोळाच्या आत. मग इंच कुठे गेला? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची. तिची जाडी बाहेरून मोजत, चित्र मात्र आतल्या लहान भागावर पडे. नळी गेली, माप राहिलं. डोंबिवलीत आम्ही याला सुपर बिल्ट-अप म्हणतो. किंमतही त्याच हिशेबानं लावतात, तेव्हा तो नाद सोडला.

डिजिटल झूमबद्दल एवढंच सांगतो, की पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालण्याचा तो प्रकार आहे. खरं झूम फक्त ऑप्टिकल.

लंच टाइममध्ये बोरा बाजार गाठला. नव्यात स्वस्त असं फारसं काही उरलेलंच नव्हतं. २०१० साली जपानी कंपन्यांनी लहानमोठे मिळून १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात धाडले होते. २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही आत आला. मधल्या मधे मोबाईलनं ते गिळले. दुकानदारानं एक ट्रे पुढे केला. त्यात वापरलेले कॅमेरे भाजीसारखे पडले होते.

"साहेब, कॉलेजची पोरं हेच शोधत येतात हल्ली. तुम्हाला काय, लगन काढायचंय?"

पहिला कॅमेरा छान होता, पण त्याला लागणारं एक्सडी कार्ड बनवणं कंपन्यांनी केव्हाच सोडलंय. दुसऱ्याच्या सेलच्या झाकणाला रबरबँड. तिसऱ्याची लेन्स चर्रर्र करत पूर्ण बाहेर आली आणि शहाण्यासारखी आत गेली. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा. चार्जर हरवायची भीतीच नाही. पांढऱ्यावर फोटो काढला की सेन्सरवरची धूळ दिसते, असं अभ्यासात आलं होतं. मी खाली वाकून स्वतःच्याच पांढऱ्या शर्टाचा फोटो घेतला. स्क्रीनवर मधोमध डाग.

"सेन्सरला डाग आहे," मी विजयानं म्हणालो.

त्यानं फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "साहेब, चटणी आहे."

घासाघीस करायला तोंडच राहिलं नाही. अडीच हजार मोजून बाहेर पडलो.

कॅमेरा गुणी आहे, फक्त सावकाश आहे. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसननं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. माझा एवढा वेळ घेत नाही. पण फ्लॅश पुन्हा तयार होईस्तोवर पुरणपोळीवरचं तूप पार मुरून जातं, आणि पाहुणे बाबांच्या अल्बममधल्यासारखेच ताठ होतात. खाडी मात्र मिळाली. थोडी तिरकी आहे, खिडकीची सळई आडवी आलीय, पण मधे कुणी कर्ज दिलं नाही.

भूक तेवढी भयंकर. एकदा ऐन वेळी सेल संपले म्हणून दोन घड्याळांतले काढून घातले, तर त्यानं दोन फोटोंत ते झोपवले. उलट त्यानं "संपले" म्हणून बाहेर टाकलेले चांगले सेल घड्याळात घातले, तर ते महिनोन् महिने चालतात. घड्याळाला लागतेच किती वीज? सध्या आमच्या हॉलमधलं, स्वयंपाकघरातलं आणि शेजारच्या काकूंकडचं, अशी तिन्ही घड्याळं माझ्या कॅमेऱ्याच्या उष्ट्या सेलवर चालू आहेत.