एका सीटवर तिघं

जुळ्यांची आई होण्यातला खरा मान मला डॉक्टरांकडे नाही, विमान कंपनीच्या नियमावलीत कळला. पोटात एकच बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत प्रवास करा, जुळी असतील तर ३२ नंतर विमानात पाऊल ठेवू नका, असा बहुतेक ठिकाणचा दंडक. कारण उघड आहे. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पुरे व्हायची वाट बघत नाहीत, आणि हवेत सुईण मिळत नाही. पण मला त्यातलं भय दिसलंच नाही. मला दिसलं ते एवढंच, की आपल्यासाठी तिथे स्वतंत्र ओळ आहे. शाळेत नोटीस बोर्डावर सुद्धा माझं नाव कधी लागलं नव्हतं!

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बंगळूरहून कोल्हापूरला. हायवेने सहाशेवर किलोमीटर, त्यात कागलच्या पुढे सहापदरीकरणाची कामं. गाडीने आलीस तर पोरं निपाणीतच जन्माला येतील आणि सीमाप्रश्न आपल्या घरात येईल, असं बाबांचं म्हणणं पडलं. म्हणून विमान.

माझी अट अशी, की कुणी माझ्याकडे ‘बिचारी’ म्हणून बघायचं नाही. आणि कुणी बघितलंच नाही तर मला राग यायचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या म्हणजे पोटापेक्षा अवघड काम. व्हीलचेअर ठामपणे नाकारली. ‘डॉक्टरांनी चालायला सांगितलंय,’ हे वाक्य मी तिकीट काढल्यापासून भेटेल त्याला ऐकवत होते.

काउंटरवरच्या मुलीने किती आठवडे विचारलं. मी सांगितलं, २८. तिने माझ्या पोटाकडे बघितलं, मग डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे, मग पुन्हा पोटाकडे. जुळ्यांचं पोट सातव्या महिन्यातच नवव्यासारखं दिसतं, हे तिला कुणी शिकवलेलं नसावं. तिने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने आणखी एकाला. तिघं मिळून बघू लागले. मी पदर सारखा करून सरळ उभी राहिले. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

आता चपलांचं सांगायलाच हवं. विषय विमानाचा आहे हे मला माहीत आहे, पण कोल्हापूरच्या माणसाला चपलेवरून पुढे जाता येत नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरायचं ते कापशी चप्पल घालूनच, कर्र कर्र वाजवत, असं मी ठरवून टाकलं होतं. आडवं आलं ते माझं पाऊल. सुजेमुळे जुन्या चपलेत ते जाईना. मग आत्याने चप्पल लाईनीतून एक नंबर मोठा जोड घेऊन पाठवला. आता कोल्हापुरी चप्पल नवी असताना चप्पल नसते, ती म्हशीच्या कातड्याची एक तक्रार असते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरलेलं कातडं ते. त्याला तेल पाजायचं, रात्रभर मुरू द्यायचं, घरात घालून फिरायचं, अंगठ्याजवळ चावली की शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची. महिनाभराने ती तुमची होते आणि मग दुसऱ्या कुणाच्या पायाची राहत नाही. २०१९ मध्ये हिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. म्हणजे सीमाप्रश्न सुटला नाही तरी चप्पल सुटली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरले, तेव्हा आमच्या गल्लीत जेवढा संताप झाला तेवढा पाणी न आल्यावरही होत नाही. नंतर त्यांनी मान्य केलं म्हणा. पण ती मॉडेल पोरं तेल न पाजलेल्या चपला घालून रॅम्पवर चालली असतील तर त्यांची मला मनापासून दया येते.

तर माझी तयारी पूर्ण झाली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं, पायात घट्ट कॉम्प्रेशनचे मोजे घाला. बसून राहिलं की गरोदरपणी पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. एरवी हे चार तासांवरच्या प्रवासाला सांगतात. पण घरापासून बंगळूरच्या विमानतळापर्यंतचा ट्रॅफिक धरला तर चार तास होतातच. आणि मोजा घातला की चपलेच्या अंगठ्यात बोट जात नाही! शेवटी पुढून उघडे असलेले मोजे शोधून काढले. कातडीच्या रंगाचे मोजे, त्यातून बाहेर आलेली पाच सुजलेली बोटं आणि खाली कापशी. सिक्युरिटीत मात्र मान राहिला. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. यंत्र चूं म्हणालं नाही.

विमान एटीआर, पंख्याचं. मागच्या दारालाच पायऱ्या. बेल्ट पोटाखालून, मांड्यांवरून लावायचा असतो. तो पुरेना, म्हणून मी हवाई सुंदरीला हळूच खुणावलं. तिने तो जोडपट्टा मागच्या रांगेतून पुढे सगळ्यांना दिसेल असा उंच धरून आणला. केबिनमधली हवा म्हणे ६,००० ते ८,००० फुटांवर असल्यासारखी विरळ असते, महाबळेश्वरच्याही वर. पण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन आईच्या रक्तातला ऑक्सिजन जास्त नेटाने ओढून घेतं. आईचं काय होतं ते तिचं ती बघेल. ही सवय पुढेही सुटत नाही, असं माझी आई सांगते.

शेजारी इचलकरंजीचे एक काका होते. धोतर, टोपी, हातात पिशवी.

‘कितवा महिना, पोरी?’

‘सातवा.’

‘सातवा? आणि एवढं?’

‘दोन हैत, काका.’

‘दोन! मग काय, एक तरी पोरगा असणारच की.’

हे वाक्य मला लिफ्टमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे अभिनंदन म्हणून मिळालं आहे. मुलगा असला की सोबतच्या मुलीला माफी. मी एरवी हसून सोडते. त्या दिवशी नाही सोडलं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. शाहू महाराजांचा जिल्हा, ऊस-दुधाचा, पैसेवाला. मी तेव्हा तीन वर्षांची. म्हणजे त्या ८३९ मध्ये मी आहे, मोजलेली. आमच्या वर्गात मुलींचे बाक मुलांपेक्षा कमी होते, आणि आम्हाला वाटायचं की शाळेनेच कमी आणले. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले. २०११ ला आकडा ८६३ झाला. चोवीस मुली वाढल्या. चोवीसच.

‘दोन्ही पोरी झाल्या तर?’ मी विचारलं. आवाज जरा चढला असावा, कारण पुढच्या रांगेतलं वर्तमानपत्र खाली आलं.

काका बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले. मग म्हणाले, ‘मला तीन नाती हैत. तिन्ही गुणाच्या. तोंडाला सवय लागलीया बघ, दुसरं काय.’ आणि पिशवीतून खारे शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. पुरते मूठभर, वर आणखी थोडे. ‘दुसऱ्याच्या वाट्याचे.’

कोल्हापूर आलं. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये इथे विमान उतरवण्याची सोय केली, ती जागा आता २०२४ च्या दगडी कमानींच्या टर्मिनलमुळे राजवाड्यासारखी दिसते. विमानापासून तिथपर्यंत चालायचं. मी कापशीत पाय कोंबले, पायऱ्या उतरले. कर्र वाजलं, आणि पाठोपाठ मी सुद्धा, कारण चप्पल चावली. समोर एक मुलगा व्हीलचेअर घेऊन उभा. काकांनीच कुणाला तरी सांगून ठेवलं होतं.

‘बसा ताई.’

‘नको, मी चालतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’

‘नक्की न्हवं?’ काकांनी विचारलं. मी मान डोलावली.

मग काका स्वतः त्या खुर्चीत बसले, माझी बॅग मांडीवर घेतली, पिशवी त्यावर ठेवली, आणि त्या मुलाला म्हणाले, ‘दमानं ढकल रं, पोरगी मागं राहील.’