कळलं का, जावईबापू?

आपल्याकडे क्रिकेट कळणारे लोक इतके झालेत, की क्रिकेट समजावणाऱ्या माणसाची उपासमार होते. त्याला गिऱ्हाईकच मिळत नाही. रिक्षावाल्याला फील्डिंग समजावायला जावं, तर सिग्नल सुटायच्या आत तो आपलीच फील्डिंग बदलून देतो. दाढ दाखवायला जावं, तर बुमराला कोणत्या षटकात आणायला हवं होतं ते डॉक्टरच सांगतात, आणि तेव्हा नेमकं आपलं तोंड उघडं असूनही बोलता येत नाही. म्हणून ही माणसं कायम अज्ञानाच्या शोधात असतात.

कोथरूडमधल्या एका सोसायटीतले काका हा या जातीचा अस्सल नमुना. बँकेतून निवृत्त. मॅच बघणारे पुष्कळ असतात. काका मॅच ‘दाखवतात’. सोसायटीतल्या सगळ्यांना एकेकदा दाखवून झाली होती आणि काकांचे दिवस कोरडे चालले होते. अशात त्यांच्या भाचीने जर्मन मुलाशी लग्न केलं. घरातल्या बाकीच्यांनी मुलाचं शिक्षण, नोकरी वगैरे विचारलं. काकांनी एकच विचारलं, “क्रिकेट येतं का?” “नाही,” असं उत्तर आल्यावर त्यांनी लग्नाला मनापासून संमती दिली.

जावईबापू महिनाभरासाठी पुण्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. मिठाच्या, तिखटाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या म्हणजे यष्ट्या, भाताचा डाव म्हणजे बॅट, लिंबू म्हणजे चेंडू. शंकरपाळे हे क्षेत्ररक्षक. या व्यवस्थेत दोष एवढाच, की नातू अधूनमधून सिली पॉइंट खाऊन टाकायचा आणि काकांना गलीतला माणूस पुढे आणावा लागायचा.

समजावणाऱ्याची खूण अशी, की तो सोप्यापासून सुरुवात करत नाही. “बॅट्समन धावा काढतो, बोलर त्याला बाद करतो,” हे सांगायला काका कशाला हवेत? काकांनी थेट पायचीतला हात घातला. “टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला, तर बाद नाही. पायावर ऑफच्या बाहेर लागला, तर बाद नाही. पण मारायचा प्रयत्नच केला नसेल, तर बाद होऊ शकतो. आधी बॅटला लागला, तर प्रश्नच मिटला. कळलं का, जावईबापू?”

जावईबापू वही घेऊन बसले होते. त्यांनी चौकोन आणि बाण काढून तक्ता तयार केला आणि विचारलं, “यातलं सगळं जुळलं, की बाद?”

“हो. पण कोणीतरी अपील करायला हवं. अपील नाही, तर बाद नाही.”

“म्हणजे तो बाद आहे, पण कोणी विचारलं नाही म्हणून बाद नाही?”

“आमच्याकडे सरकारी कचेरीत तसंच असतं,” काका म्हणाले. “विचारल्याशिवाय कोणी काही सांगत नाही.”

दुसरा आठवडा इतिहासाचा. काकांचं दुखणं म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहाच धावा उरलेल्या, आणि मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. त्या निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. हे सांगताना काकांचा आवाज बसतो. जावईबापूंनी अदबीने विचारलं, “मग सामना कोणी जिंकला?”

“आपण जिंकलो हो! पण ते महत्त्वाचं नाही.”

वहीत जिंकण्याच्या रकान्यापुढे पहिलं प्रश्नचिन्ह पडलं. दुसरं पडलं ते बापू नाडकर्णींपाशी. १९६४ साली मद्रासला बापूंनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली. डावाचा हिशेब ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी एकही नाही.

“म्हणजे तेवढा वेळ काहीच घडलं नाही?”

“काही घडू दिलं नाही, हेच तर घडलं!”

पाच दिवस खेळून निकाल लागत नाही, हे तर जावईबापूंच्या पचनीच पडेना. दिवसांची मर्यादाच काढून टाका, असा त्यांनी उपाय सुचवला. काका याच चेंडूची वाट बघत होते. “केलं तेही करून! १९३९, दर्बान. निकाल लागेपर्यंत खेळायचं ठरलं. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चपर्यंत चालला. इंग्लंडला ४२ धावा हव्या होत्या, पाच गडी हातात होते, आणि सामना अनिर्णित राहिला.”

“का?”

“त्यांची बोट सुटत होती.”

गावसकरांच्या १९७५ मधल्या, ६० षटकांत नाबाद ३६ या खेळीबद्दल मात्र प्रश्न विचारायला परवानगी नव्हती. तो घरातला विषय आहे, एवढंच काकांनी सांगितलं.

प्रत्यक्ष मॅच लागली, की या जातीचे खरे हाल सुरू होतात. काका टीव्हीकडे पाठ आणि विद्यार्थ्याकडे तोंड करून उभे राहतात. “आता बघा हं, बोलर काय विचार करतोय...” एवढ्यात मागे दांडी उडते, सोसायटी ओरडते आणि काका रीप्लेकडे बोट दाखवून म्हणतात, “हेच मी सांगत होतो!” मग कोणी जागा सोडायची नाही, हा नियम. भागीदारी जमली होती तेव्हा जावईबापू मोड्यावर बसले होते. त्यामुळे पाठ अवघडली तरी ते मोड्यावरच. क्रिकेटच्या ४२ नियमांपैकी हा कितवा, असं त्यांनी विचारून पाहिलं. “हा त्यांच्याही आधीचा,” स्वयंपाकघरातून काकूंनी सांगितलं. काकू तिथूनच, टीव्ही न बघता, फक्त कॉमेंटरी ऐकून, “आता स्पिनर लावतील,” म्हणतात आणि तो लावला जातो. पण काकूंना कोणी विचारत नाही. आणि अपील नाही, तर निर्णय नाही.

काका एकदाच निरुत्तर झाले. त्यांनी २०१९ च्या विश्वचषकाची अंतिम लढत रंगवून सांगितली. लॉर्ड्स, दोघांच्याही २४१ धावा. सुपर ओव्हर, तिथेही बरोबरी. मग चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. इंग्लंड विश्वविजेता! जावईबापूंनी वहीची पानं मागे-पुढे केली. “पण न्यूझीलंडचे आठच गडी बाद झाले होते आणि इंग्लंडचे दहा. ते का नाही मोजलं?” काकांनी चष्मा पुसला, पाणी प्यायलं आणि म्हणाले, “म्हणून तर नंतर तो नियम काढून टाकला.” त्या रात्री ते नेहमीपेक्षा लवकर झोपले.

मग एका रविवारी जावईबापू दूध आणायला खाली गेले ते वर आलेच नाहीत. पार्किंगमध्ये मुलांना एक गडी कमी पडत होता. मुलांनी त्यांना नियम दोन मिनिटांत सांगितले. एक टप्पा पडून एका हातात कॅच, तरी आउट. गाडीला लागला, तर आउट. कंपाउंडबाहेर मारला, तर आउट आणि चेंडू त्यानेच आणायचा. ज्याची बॅट, त्याची बॅटिंग आधी. काका त्यांना शोधत खाली आले, तेव्हा जावईबापूंच्या मागची प्लॅस्टिकची खुर्ची पडली होती, पोरं नाचत होती आणि एक सहा फुटी जर्मन माणूस बॅट घट्ट धरून मोडक्या मराठीत ओरडत होता, “नाही आउट! ट्रायल बॉल! ट्रायल बॉल!”

काकांचा ऊर भरून आला. “शिकवलं कोणी?” असं त्यांनी जिन्यात भेटेल त्याला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच उत्तर दिलं. मात्र त्या दिवसापासून शिकवणी बंद पडली. कारण आता काका पायचीतबद्दल काही बोलले, की जावईबापू म्हणतात, “मला तसं वाटत नाही.”

क्रिकेट समजल्याचा याहून भक्कम पुरावा नाही. नियम पाठ करून हा खेळ कोणाला आलेला नाही. निर्णय आपल्याविरुद्ध गेल्यावर भांडावंसं वाटलं, की आला. तेव्हा तुमच्या ओळखीत क्रिकेट अजिबात न कळणारं कोणी असेल, तर त्याला सरळ पार्किंगमध्ये सोडा. पण त्याआधी चार दिवस तुमच्या सोसायटीतल्या काकांकडे जरूर पाठवा. क्रिकेट न कळणारी माणसं आता फार दुर्मीळ झाली आहेत, आणि पुढची वीस वर्षं काका त्या चार दिवसांबद्दल बोलतील.