गणसंख्येअभावी

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. प्लेस्टेशन 2 चं सोंग मात्र आणता येतं. पीसीएसएक्स2 नावाचा एम्युलेटर ते गेली वीसेक वर्षं आणतो आहे. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांना, म्हणजे माझ्या लॅपटॉपला झेपणाऱ्या 2016 सालच्या 1.4 ला, हे सोंग एकट्याने वठत नाही. त्याला सात जण लागतात. सातांतला एक जरी गैरहजर असला तरी खेळ सुरू होत नाही.

या सात जणांना प्लगइन म्हणतात. एक चित्र काढतो, एक आवाज काढतो, एक कंट्रोलरची बटणं ऐकतो, एक डिस्क वाचतो. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. उरलेले तीन म्हणजे यूएसबी, फायरवायर आणि डेव्ह9. डेव्ह9 हा कन्सोलच्या पाठीमागचा हार्ड डिस्क नि नेटवर्कचा खण. या तिघांच्या फायलींच्या नावातच 'नल' असतं. यूएसबी-नल, एफडब्ल्यू-नल, डेव्ह9-नल. त्यांचं काम एवढंच की एम्युलेटरने विचारलं, "फायरवायर आहे का?" तर "आहे" म्हणायचं, "काही करतोस का?" विचारलं तर गप्प बसायचं. आयुष्यभराची नेमणूक, कामाच्या नावाने शून्य, आणि तरीही हे तिघे फोल्डरमध्ये सापडले नाहीत तर एम्युलेटर अडून बसतो. चित्र काढणारा तयार, आवाजवाला तयार, डिस्कवाला कधीचा ताटकळलेला. पण काहीच न करणारा आला नाही म्हणून सगळं बंद.

मला हे ओळखीचं वाटलं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर बोलणारे चौघेच असतात, पण गणसंख्या भरायला उरलेल्यांना टीव्हीसमोरून उठवून खाली आणावं लागतं. ते येतात, सही करतात, वेफर्स खातात, जातात. फरक इतकाच की सोसायटीच्या नियमांत गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून मग आहे त्या लोकांत उरकता येते. पीसीएसएक्स2 च्या पोटनियमांत ती सोय नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एका क्रिकेटच्या डिस्कसाठी. प्लेस्टेशन 2 साठी भारतात बनलेले गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2009 साली हैदराबादच्या एका कंपनीने 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला. पुढच्या वर्षी मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. गल्लीतलं क्रिकेट, आपल्या घरातल्या टीव्हीवर. ती डिस्क मी जपून ठेवली आहे. कन्सोलची लेन्स मात्र वयोमानाप्रमाणे गेली. मशीन सुरू होतं, दिवा लागतो, डिस्क फिरते, आणि ती वाचता येत नाही असा निरोप पडद्यावर येतो. वाचायचा चष्मा हरवलेल्या माणसाला पेपर देऊन उपयोग नाही, तसं ते झालं होतं; म्हणून डिस्क लॅपटॉपमध्ये घालायची ठरली.

बायोस काढून घ्यायचं काम भाच्याने केलं. बायोस म्हणजे कन्सोल जागं झाल्याबरोबर चालणारा चार मेगाबाइटचा प्रोग्राम. तो कंपनीच्या मालकीचा. एम्युलेटरबरोबर मिळत नाही, आणि मिळू नयेच. तो आपल्याच कन्सोलमधून काढून घ्यायचा. त्यासाठी एक खास मेमरी कार्ड मिळतं, त्याला लेन्सची गरज नसते. भाचा अकरावीत आहे. कॉलेजच्या नोट्स सोडून जगातली कुठलीही माहिती तो तासाभरात बाहेर काढतो.

बायोस मिळाला, एम्युलेटर उघडला, आणि प्लगइन निवडायची खिडकी आली. सात ओळी. चित्राची ओळ कोरी.

"फाइल नाहीये," मी म्हटलं.

"आहे ना. ही बघ." भाच्याने फोल्डर उघडून दाखवला. फाइल होती. नाव होतं, आकार होता, तारीख होती. शेजारच्या खिडकीत मात्र तिचा मागमूस नव्हता.

खालच्या काळ्या पाटीवर एम्युलेटर आपली दैनंदिनी लिहीत असतो. तिथे कारण सापडेल म्हणून बघितलं, तर लिहिलं होतं: 'सम काइन्डा प्लगइन फेल्युअर'. संगणकाने आजवर मला पुष्कळ आकडे फेकून मारले आहेत, पण "काहीतरी प्लगइनचं बिनसलंय बुवा" असं मान खाजवत सांगणारा हा पहिलाच. मला तो आवडला. डॉक्टरांनीही अधूनमधून एवढं प्रामाणिक असावं.

खरी मेख अशी असते. प्लगइन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असतो आणि चालायला त्याला मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं एक सामायिक ग्रंथालय लागतं. 1.4 ला लागतं 2015 चं. ते नसेल तर प्लगइन उघडतच नाही, आणि उघडला नाही तर त्याचं नाव यादीत लागत नाही. म्हणजे हरवलेला प्लगइन बहुतेक वेळा जागेवरच असतो. हरवलेलं असतं ते त्याच्या मागचं कुणीतरी, ज्याचं नाव कुठल्याच खिडकीत येत नाही.

हे ग्रंथालय दोन प्रकारांत मिळतं, 32 बिट आणि 64 बिट. भाच्याने 64 वालं घातलं. का, तर विंडोज 64 बिट आहे आणि 64 हे 32 हून मोठं आहे. ओळ कोरीच. कारण विंडोज कितीही बिटचं असो, 1.4 एम्युलेटर 32 बिट आहे, आणि त्याला आपल्या मापाचंच लागतं. मग ते 32 वालं नेमकं कुठे जाऊन बसतं हे बघायला गेलो आणि एका जगप्रसिद्ध विनोदापाशी येऊन थांबलो. विंडोजमध्ये 'सिस्टिम32' नावाच्या फोल्डरात 64 बिट फायली असतात आणि 'सिसवाव64' नावाच्या फोल्डरात 32 बिट. ही चूक नाही, ठरवून केलेलं आहे. जुन्या प्रोग्रामांनी 'सिस्टिम32' हे नाव पाठ करून ठेवलं होतं म्हणून ते बदलता येईना. भाचा तो पत्ता दोनदा वाचून म्हणाला, "मामा, हे लोक आम्हाला लॉजिक शिकवतात?"

चित्राच्या प्लगइनचं नाव जीएसडीएक्स. तो एकटा येत नाही, भावंडं घेऊन येतो: एसएसई2 पासून एव्हीएक्स2 पर्यंत, प्रोसेसरच्या शिक्षणाप्रमाणे निवडायची. ग्रंथालय बसल्यावर सगळी भावंडं यादीत हजर झाली आणि भाच्याने पुन्हा सगळ्यांत थोरल्याला बोलावलं. माझा प्रोसेसर कोअर 2 ड्युओ. त्याच्या शाळेत एव्हीएक्स नव्हतंच. ते धाकट्यावर भागलं, तोवर नवीन खिडकी उगवली: 'डी3डीएक्स9_43' सापडत नाही. या लॅपटॉपवर डायरेक्टएक्स 11 आहे. अकरामध्ये नवाची त्रेचाळिसावी फाइल नसते. ती जून 2010 च्या एका वेगळ्या गाठोड्यात मिळते. तेही आणलं. मध्येच अँटिव्हायरसने लिलीपॅड नावाच्या कंट्रोलरवाल्या प्लगइनला संशयित म्हणून उचलून आत टाकलं. त्याला जामिनावर सोडवून आणलं.

हे सात तुकडे कशाला, एकच अखंड का नाही, असा प्रश्न आईने स्वयंपाकघरातून विचारला. तिला उत्तर नको होतं, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरून हलायला हवा होता. पण उत्तर आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी पहिल्या प्लेस्टेशनचे एम्युलेटर लिहिणारी मंडळी हौशी होती. पीएसइम्यु प्रो या एम्युलेटरने वाट काढली की गाभा आम्ही लिहितो, चित्र-आवाज ज्याला जमेल त्याने लिहावं, जोडणीची पद्धत ठरलेली. म्हणून पीट बर्नर्ट यांच्यासारख्याने निव्वळ चित्राचे प्लगइन लिहून नाव कमावलं, आणि ते एकाहून अधिक एम्युलेटरांत चालले. पीसीएसएक्स2 त्याच घराण्यातला. डिस्क वाचणाऱ्या प्लगइनचं नाव सीडीव्हीडी-गिगाहर्झ. गिगाहर्झ हे ते लिहिणाऱ्याचं टोपणनाव. एका फाइलमागे एक माणूस, आपापल्या घरी रात्री जागून लिहिणारा. त्या नल-वाल्यांमागेही कुणीतरी बसून 'काही करू नये' हे व्यवस्थित लिहिलंच असणार, आणि ते लिहिणं मला वाटतं तितकं सोपं नसावं.

2024 मध्ये 2.0 आवृत्ती आली, तिच्यात प्लगइन नाहीतच. सगळे पोटात घेतले, निवडायची खिडकी गेली. कुणी हरवायचा प्रश्नच मिटला. पण तिला विंडोज 10 लागतं आणि प्रोसेसरला एसएसई4.1 यावं लागतं. "मामा, तुझा लॅपटॉप म्युझियमला दे," एवढंच भाचा त्यावर म्हणाला.

सात जण जमले. सीडीव्हीडीच्या मेनूत 'प्लगइन' निवडल्याशिवाय एम्युलेटर खऱ्या डिस्ककडे ढुंकून बघत नाही, तेही निवडलं, आणि गल्ली उजाडली. फक्त फार सावकाश. प्लेस्टेशन 2 चा मुख्य प्रोसेसर 300 मेगाहर्ट्झच्याही आतला, मेमरी 32 मेगाबाइट; पण त्याच्या जोडीला दोन व्हेक्टर युनिटं, एक चित्रवाला, एक आवाजवाला आणि चक्क पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर, असे सगळे एकाच वेळी राबतात. त्या सगळ्यांचं सोंग एकट्याने आणताना माझ्या दोन गिगाहर्ट्झवाल्याचा पंखा शिट्टी मारायला लागला. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत पडदा सेकंदाला 50 वेळा नवा होण्याचा हिशेब. वरच्या पट्टीवर आकडा दिसत होता 25, कंसात पन्नास टक्के.

पन्नास टक्के वेगाने गोलंदाज धावत आला. मी चहाचा घोट घेतला. त्याने हात फिरवला. मी कप खाली ठेवला. चेंडू टप्पा पडून वर येत होता, तोवर ऑफला कोण उभा आहे, लेगला कोण नाही, हे सगळं मी बघून घेतलं आणि निवांत फटका मारला. चौकार. समालोचक इतका ओढत ओढत बोलत होता की आई बाहेर येऊन कोण वारलं विचारून गेली. खऱ्या गल्लीत मला कुणी कधी अकराव्या नंबरच्या वर पाठवलं नव्हतं.

"थांब, स्पीडहॅक्समध्ये जाऊन सायकल रेट कमी करतो," भाचा म्हणाला. "नॉर्मल स्पीडच्या जवळ येईल."

मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर नाबाद होतो. "त्या सेटिंगला हात लावलास," मी म्हटलं, "तर तुझ्या आईला फोन करून नोट्सचं सांगेन."